व्हॉल्व्ह सासूबाईंचा, बैठक बाकीच्यांची

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई एका तालुक्याच्या गावी राहतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. घरात यजमान, दोन मुलं आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. वर्षभरापासून सासूबाईंना चढ चढताना दम लागतो. गेल्या महिन्यात अंगणात भोवळ आली आणि त्या मटकन खाली बसल्या. पुण्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या महाधमनीचा व्हॉल्व्ह (झडप) फार अरुंद झाल्याचं निघालं. एका हॉस्पिटलने छाती उघडून व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं, खर्च ४.५ लाख. दुसऱ्याने जांघेतून नळी घालून व्हॉल्व्ह बसवू, म्हणजे ‘टावी’ करू, असं सांगितलं. खर्च १८ लाख. बंगळुरूचे दीर म्हणतात, आईची छाती उघडू द्यायची नाही, मी कर्ज काढतो. यजमान म्हणतात, रस्त्याकडची २० गुंठे जमीन काढू. नणंद म्हणते, या वयात काहीच नको, गोळ्या-काढ्यांवर जातील तेवढे दिवस सुखाचे जाऊ देत. सासूबाईंना ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगितलं आहे. पण एका दुपारी त्या सुनेला म्हणाल्या, “मला फाडू नका, आणि माझ्यापायी जमीनही विकू नका.” दिवाळीत सगळे जमतील तेव्हा निर्णय व्हायचा आहे. ताई विचारतात, टावी खरंच एवढी चांगली आहे का? आणि मी सून, मी मध्ये बोलावं का?

---

ताई,

दिवाळीपर्यंत थांबू नका. बाकीचं सगळं सविस्तर लिहिणार आहे, पण हे आधी, कारण दिवाळीचा उल्लेख तुम्ही अगदी जाता जाता केलाय. अजून सात आठवडे आहेत. सगळ्यांना सुट्टी आहे, सगळे समोरासमोर असतील, हे मला कळतं. पण ज्या बाईंना भोवळ येऊन गेली आहे त्यांच्या व्हॉल्व्हला आपल्या सुट्ट्या ठाऊक नसतात.

मी डॉक्टर नाही. मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात, हृदयविकार विभागात, समाजसेविका म्हणून २४ वर्षं काम केलं. डॉक्टर केबिनमध्ये सांगायचे आणि नातेवाईक बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी रडायचे, भांडायचे, हिशेब मांडायचे. तुमच्या घरातली प्रत्येक बाजू मी त्या टेबलापाशी ऐकली आहे. त्यात वाईट कुणीच नसतं. तुमचे दीरही प्रेमापोटीच बोलतायत आणि नणंदही.

इकोच्या कागदावरचे आकडे तुम्ही उतरवून पाठवलेत, ते फार चांगलं केलंत. व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ०.७ चौरस सेंटीमीटर. निरोगी माणसात ते ३ ते ४ असतं. १ च्या खाली गेलं की आजार तीव्र धरतात. मीन ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, ५२. तीव्रतेची रेषा ४० वर आहे. रक्ताचा वेग सेकंदाला ४.६ मीटर, तिथे रेषा ४ वर. तिन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात. हृदयाचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे अजून चांगलं आहे. ही दिलाशाची बाब आहे आणि घाई करण्याचं कारणही तेच. पंप शाबूत आहे तोवर दार उघडलेलं बरं.

तुम्ही लिहिलंय, “तशा त्या घरात बऱ्या असतात.” आणि त्याच पत्रात खाली, सहज, असंही लिहिलंय की दोन उन्हाळे झाले, गच्चीवर कुरडया-पापड घालायला त्या गेल्या नाहीत, तुम्हीच घालता. ताई, या दोन वाक्यांकडे पुन्हा पाहा. दम वर्षभराचा नाही, निदान दोन उन्हाळ्यांचा आहे. त्या बऱ्या दिसतात, कारण ज्याने दम लागतो ते ते त्यांनी एकेक करून सोडून दिलंय. आधी गच्ची गेली, मग देवळाच्या पायऱ्या गेल्या असतील, मग कदाचित विहिरीकडची वाट. माणसं, त्यातून आपल्या बायका, हे इतक्या हळूहळू आणि गुपचूप करतात की घरातल्यांना वाटतं, वय झालं. डॉक्टरांनी “काही त्रास होतो का?” विचारलं की त्या “नाही” म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना “दम लागतो का” याचं उत्तर देऊ नका. दोन वर्षांपूर्वी त्या काय काय करायच्या आणि आता काय करत नाहीत, ते सांगा.

आता नणंदेची बाजू. काहीच न करणं म्हणजे आहे तसं राहू देणं, हे त्यांच्या बोलण्यात गृहीत धरलंय. दुर्दैवाने या आजारात ‘आहे तसं’ असं काही राहत नाही. व्हॉल्व्हच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या कडक झाल्यात. तो थर विरघळवणारं किंवा वाढ थांबवणारं औषध आजवर सिद्ध झालेलं नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी वेग कमी होईल अशी आशा होती; मोठे अभ्यास झाले, तीही फोल ठरली. पायावरची सूज किंवा छातीतलं पाणी गोळ्यांनी उतरतं, पण अरुंद दार अरुंदच राहतं. काढ्याचंही तेच. २०१० साली ‘पार्टनर’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांचं ओपन हार्ट करणं शक्यच नव्हतं अशा खूप आजारी, बहुतेक ऐंशीच्या पुढच्या रुग्णांचा एक गट त्यात होता. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात निम्मे, शंभरातले जवळपास ५१, दगावले. टावी केलेल्यांपैकी ३१. सासूबाई त्या रुग्णांपेक्षा कितीतरी धडधाकट आहेत, म्हणून हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नका. पण भोवळ, छातीत दुखणं किंवा दम सुरू झाल्यावर हा आजार कोणत्या वेगाने पुढे जातो, एवढं त्यातून समजतं. नणंदेला हे रागाने सांगू नका. “सुखाचे दिवस” हे त्यांचे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. श्वास न पुरणारे, बसून काढलेल्या रात्रींचे दिवस सुखाचे नसतात, इतकंच त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या, स्मृती गेलेल्या किंवा दुसऱ्या असाध्य आजाराने थकलेल्या माणसासाठी काहीच न करणं हा योग्य आणि प्रेमळ निर्णय असू शकतो. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तसं असेल, तर त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. तुमच्या सासूबाई स्वतः भाजी निवडतात, नातवाला गोष्टी सांगतात, महिन्याचा हिशेब तोंडी ठेवतात. त्यांची गोष्ट वेगळी आहे.

आता टावी. ‘बिनटाक्याचं’ म्हणून जे सांगतात ते असं असतं: जांघेतल्या धमनीत एक नळी सरकवतात, तिच्यातून घडी घातलेला नवा व्हॉल्व्ह हृदयापर्यंत नेतात आणि जुन्या व्हॉल्व्हच्या आत उघडतात. जुना काढत नाहीत. तो बाजूला दाबला जातो आणि त्याच्याच कॅल्शियमच्या आधाराने नवा घट्ट बसतो. फुग्याने उघडणारा व्हॉल्व्ह असेल तर त्या काही सेकंदांपुरते हृदयाचे ठोके मुद्दाम फार वेगाने चालवतात, म्हणजे रक्ताच्या धक्क्याने व्हॉल्व्ह सरकत नाही. बहुतेकदा पूर्ण भूलही द्यावी लागत नाही. रुग्ण बरेचदा दुसऱ्या दिवशी चालतो आणि तीन-चार दिवसांत घरी येतो.

हे पहिल्यांदा माणसावर केलं फ्रान्समधल्या रुआं शहरात डॉ. आलॅं क्रिबिए यांनी, १६ एप्रिल २००२ रोजी. रुग्ण ५७ वर्षांचा होता आणि कोणताही सर्जन त्याला हात लावायला तयार नव्हता. या क्रिबिएंनीच १९८५ मध्ये अरुंद महाधमनी व्हॉल्व्ह नुसत्या फुग्याने उघडायला सुरुवात केली होती. पण काही महिन्यांत तो पुन्हा अरुंद व्हायचा. त्या अपयशातूनच त्यांना आत कायमचा व्हॉल्व्ह बसवायची कल्पना सुचली. हा इतिहास सांगते, कारण खर्च ऐकून दचकल्यावर कुणीतरी तुम्हाला “मग नुसता फुगा मारून घ्या” असं सुचवेल. या व्हॉल्व्हसाठी नुसता फुगा म्हणजे काही महिन्यांची सवड. रुग्ण अत्यवस्थ असेल तर तेवढ्यापुरता उपयोग होतो. त्यावर विसंबू नका.

दिरांच्या म्हणण्यात मला एक गृहीतक दिसतं: छाती उघडत नाहीत म्हणजे धोका नाही. धोका कमी असतो, आणि वेगळा असतो. व्हॉल्व्ह बसवताना कॅल्शियमचा कण किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. जांघेतल्या धमनीला इजा होऊ शकते. नव्या व्हॉल्व्हच्या कडेने थोडं रक्त मागे झिरपत राहू शकतं. हृदयाच्या ठोक्यांची तार या व्हॉल्व्हच्या अगदी लगत जाते. ती दाबली गेली तर कायमचा पेसमेकर लागतो. धोका कमी असलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत हे प्रमाण व्हॉल्व्हच्या प्रकाराप्रमाणे शंभरात सहा-सातपासून सतरापर्यंत होतं. पेसमेकर लागला म्हणजे घात झाला असं नाही, माणसं त्यावर उत्तम जगतात. पण आधी सांगितलेलं नसलं की घरचे कोसळतात आणि बिल बघून पुन्हा कोसळतात. किती जणांना मी तसं पाहिलंय.

आणि ओपन हार्टबद्दल एक गृहीतक घरात सगळ्यांचंच दिसतं, सासूबाईंचंही: ते म्हणजे क्रौर्य. ‘फाडणं’ हा शब्द त्यातूनच आलाय. छातीचं हाड उघडतात, हे खरं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर जड उचलायचं नाही, हातांवर भार देऊन उठायचं नाही. पण या शस्त्रक्रियेला कित्येक दशकांचा अनुभव आहे. सर्जन जुना कॅल्शियमने भरलेला व्हॉल्व्ह पूर्ण काढून टाकतो, नवा टाके घालून बसवतो, आणि त्याच वेळी बायपास किंवा दुसरा व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा असेल तर तेही करतो. काहींसाठी तोच जास्त चांगला मार्ग असतो.

मग तुमच्या सासूबाईंसाठी कोणता? योगायोग पाहा: २०१९ साली धोका कमी असलेल्या हजार रुग्णांवरचा ‘पार्टनर ३’ हा अभ्यास आला, त्यातल्या रुग्णांचं सरासरी वय ७३ च होतं. पहिल्या वर्षात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा दाखल होणं, हे सगळं मिळून टावीच्या गटात ८.५ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात १५.१ टक्के. म्हणजे टावी स्पष्टपणे पुढे. पण पाच वर्षांनी पाहिलं तर आकडे २२.८ आणि २७.२ झाले, आणि हा फरक खात्रीने फरक म्हणावा इतका उरला नाही. मला यातून कळतं ते असं: सुरुवातीचं वर्ष टावीने सोपं जातं; पुढे दोन्ही वाटा बऱ्याच जवळ येतात. “आईसाठी अठरा लाखांचं केलं नाही तर आई जाईल” ही भीती खरी नाही, आणि “स्वस्तातलं केलं म्हणजे आईशी हात आखडता घेतला” हा अपराधही खरा नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ ते ८० या वयात दोन्ही पर्याय खुले ठेवून रुग्णाबरोबर बसून ठरवायला सांगतात. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०२५ मध्ये सत्तरीच्या पुढे, रचना जुळत असेल तर, टावीकडे कल दिला.

‘रचना जुळत असेल तर’ हे चार शब्द सगळ्यात महत्त्वाचे, आणि तुमच्या पत्रात त्यांचा मागमूस नाही. या अभ्यासांतले रुग्ण निवडक होते; त्यांच्या जांघेतल्या धमन्या धड होत्या, व्हॉल्व्हला तीन पाकळ्या होत्या. सासूबाईंचं काय, ते टावीसाठीचा खास सीटी स्कॅन केल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. पुण्यातल्यांनाही नाही, बंगळुरूच्या दिरांनाही नाही. त्या स्कॅनमध्ये व्हॉल्व्हच्या कड्याचं माप घेतात, कॅल्शियम कुठे किती आहे ते बघतात, हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं कड्यापासून किती वर आहेत ते मोजतात, आणि जांघेपर्यंतच्या धमन्या रुंद आहेत की वेड्यावाकड्या, तेही पाहतात. तुम्ही लिहिल्याप्रमाणे हा स्कॅन अजून झालाच नाही. म्हणजे घरात जो वाद चाललाय तो कदाचित अस्तित्वातच नसलेल्या पर्यायावर चाललाय! स्कॅनमध्ये निघालं की व्हॉल्व्ह जन्मापासून दोन पाकळ्यांचा आहे, महाधमनी मुळाशी फुगलेली आहे, किंवा ॲन्जिओग्राफीत तीन धमन्यांमध्ये अडथळे निघाले, तर चर्चा शस्त्रक्रियेकडे झुकेल. उलट धमन्या छान निघाल्या, पण फुप्फुसं कमजोर किंवा महाधमनी सगळीकडून कॅल्शियमने कडक निघाली, तर टावीचं पारडं जड होईल.

तेव्हा जमीन विकायच्या आधी, कर्जाचा अर्ज भरायच्या आधी, येत्या पंधरवड्यात हा स्कॅन करून घ्या. त्यात रंगद्रव्य टोचतात आणि ते मूत्रपिंडावर येऊ शकतं. सासूबाईंना मधुमेह आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा रक्तातला आकडा) १.४ आहे, हे स्कॅनच्या आधी न विसरता सांगा. मधुमेहाची कोणती गोळी त्या दिवशी थांबवायची तेही विचारा. आणि स्कॅनची सीडी मागून घ्या. नुसता छापील अहवाल दुसऱ्या डॉक्टरला पुरत नाही, त्याला चित्रं लागतात.

मग ती सीडी घेऊन अशा ठिकाणी जा जिथे हृदयतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सक एकत्र बसून रुग्ण बघतात. हार्ट टीम म्हणतात त्याला. तुम्हाला आतापर्यंत भेटलेल्या दोघांनी आपापल्या हातातलं काम सुचवलं. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण सुताराला विचारलं तर तो लाकडाचंच सांगणार. दोघांना एकाच खोलीत, एकाच स्कॅनसमोर बसवून विचारा: “आमच्या आईला तुम्ही काय कराल, आणि दुसरं का नाही?” वर्षाला इथे किती टावी होतात, हेही न संकोचता विचारा. जिथे हे काम नेहमी होतं तिथे हात बसलेला असतो. काही बिघडलं तर सर्जन आणि ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत तयार असतं का, हे विचारायला विसरू नका.

पैशाचं बोलू. टावीच्या खर्चातला मोठा वाटा हा त्या व्हॉल्व्हचाच असतो. पूर्वी सगळे व्हॉल्व्ह परदेशातून यायचे. आता गुजरातमधल्या वापीला तयार होणारा मायव्हॅल हा व्हॉल्व्हही आहे. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘लॅंडमार्क’ नावाच्या अभ्यासात तो परदेशी व्हॉल्व्हच्या तोडीस तोड ठरला, निदान पहिल्या महिन्याच्या निकालांत. दिलेलं १८ लाखांचं एस्टिमेट कोणत्या व्हॉल्व्हचं आहे आणि दुसरा व्हॉल्व्ह घेतला तर ते किती होईल, ते लेखी मागा. त्यात सीटी, ॲन्जिओग्राफी आणि आयसीयूचे जादा दिवस धरलेत का, आणि पेसमेकर लागला तर त्याचे वेगळे किती, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. तोंडी “सगळं धरून” या शब्दांवर कुणीही अवलंबून राहू नये.

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. ऑक्टोबर २०२४ अखेरपासून सत्तर वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे. आधार कार्डावर ते निघतं; अजून काढलं नसेल तर याच आठवड्यात काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. या योजनांमध्ये कोणत्या उपचाराला किती रक्कम आणि कोणत्या हॉस्पिटलात, ही यादी बदलत असते. म्हणून योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी बसा आणि “महाधमनीचा व्हॉल्व्ह बदलणं” आणि “टावी” हे दोन्ही वेगवेगळे विचारा. एकाचं उत्तर ऐकून उठू नका. दिरांच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील धरलेले असतात का, हेही विचारा. भावंडं लाखांची भांडणं करतात आणि ही साधी चौकशी राहून जाते, असं मी कितीदा पाहिलं! मोठ्या सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत माझ्यासारख्या समाजसेविका असतात. त्यांना धर्मादाय निधीची दारं माहीत असतात. त्यांना भेटायला लाजू नका; आम्ही त्यासाठीच बसलेल्या असतो.

जमिनीचं मी ठरवू शकत नाही. पण ती रस्त्याकडची २० गुंठे कुणी घेतली होती, हे तुम्ही पत्रात लिहिलंय: सासूबाईंनी आणि मामंजींनी, दागिने मोडून. मग ती विकायची की नाही, यावर सगळ्यात आधी कुणाचं मत घ्यायला हवं?

इथे मी तुमच्या खऱ्या प्रश्नाशी येते. घरात तीन मतं आहेत आणि तिघंही सासूबाईंच्या वतीने बोलतायत. त्यांना मात्र “रक्त कमी आहे” सांगितलंय. भीती वाटू नये म्हणून लपवलं, हे उमजतं. पण भीती त्यांना वाटतेच आहे. “मला फाडू नका” हे वाक्य कुजबुजीतून जोडलेल्या तुकड्यांवरचं आहे. शेजारच्या कुणाची बायपास पाहिली असेल, आकडे दाराआडून ऐकले असतील. तो नकार आहे असं धरून चालू नका. आपल्याला काय झालंय, न केल्यास काय होईल, केल्यास काय काय करता येतं, हे समजल्यानंतर त्यांनी “नको” म्हटलं, तर तो नकार. त्याचा मान सगळ्यांनी राखायचा, दिरांनीसुद्धा. आणि एक व्यवहाराची गोष्ट: भानावर असलेल्या रुग्णाची संमती तिचीच लागते. सहीच्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं. तिथे, आदल्या संध्याकाळी, पहिल्यांदा कळण्यापेक्षा सुनेकडून दुपारच्या चहाबरोबर कळलेलं बरं.

कसं सांगायचं? जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक दिंडी असते, वाकून आत जायची, ती त्यांनी पाहिली असेल. त्यांना सांगा: “हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जायचा मोठा दरवाजा कडक होऊन बंद पडलाय, आणि सगळा कारभार त्या दिंडीतून चाललाय. बसून असलात तर दिंडीतून भागतं. गच्चीवर चढलात की भागत नाही, म्हणून दम लागतो, म्हणून त्या दिवशी भोवळ आली. औषधाने दिंडीचा दरवाजा होत नाही. नवा दरवाजा बसवावा लागतो. तो दोन वाटांनी बसवता येतो.” मग थांबा. त्या काय विचारतात ते ऐका. बहुतेकदा पहिला प्रश्न “वाचेन का?” असा नसतो. “माझं कोण करणार?” असा असतो.

आणि त्या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत आहे: तुम्ही. तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही, ताई, आणि ती म्हणजे तुम्ही स्वतः. ओपन हार्ट झालं तर पुढचे दोन महिने रात्री उठवायला, आंघोळीला हात द्यायला, गोळ्यांच्या वेळा सांभाळायला कोण असणार? शाळेतून किती रजा मिळेल? दीर आठवडाभर येतील. नणंद पंधरा दिवस. बाकीचे दिवस तुमचे. हे तुमचं रडगाणं नाही, हा निर्णयातला खर्च आहे आणि तो एस्टिमेटमध्ये लिहिलेला नसतो. टावीनंतर हे दिवस बरेच कमी लागतात. ही तिची खरी जमेची बाजू आहे आणि ती मांडायचा हक्क ज्या व्यक्तीला आहे, ती गप्प बसली आहे. “मी सून, मी मध्ये बोलावं का?” तुम्ही मध्ये कुठे आहात? इकोला त्यांना घेऊन तुम्ही गेलात, आकडे तुम्ही उतरवलेत, त्यांचं मनातलं तुमच्यापाशी बोललं गेलं. दिवाळीची बैठक होण्यापूर्वी, याच रविवारी, यजमानांशी एकट्याने बोला. तुमचं मत सांगायची गरज नाही. “आईंना सांगू या, सीटी करू या, आणि डॉक्टरांकडे त्यांनाच पुढच्या खुर्चीत बसवू या,” एवढं म्हणा. नवऱ्याने हे घरात मांडलं तर घर ऐकेल, असा आपल्याकडचा रिवाज. तो मला आवडत नाही, पण आईंच्या जिवाचा प्रश्न असताना वापरायला हरकत नाही. दिरांना आणि नणंदेला त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर घ्या. सुट्टी कशाला हवी?

तोवरची काळजी. सासूबाईंना पुन्हा भोवळ आली, त्या शुद्ध हरपून पडल्या, छातीत दुखलं, किंवा रात्री आडवं झाल्यावर गुदमरून उठावं लागलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. कित्येक घरांत जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते. अशा अरुंद व्हॉल्व्हमध्ये तिने रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्याही मनाने वाढवू नका. “बघू किती दम लागतो” म्हणून जिना चढायला लावू नका. आणि दात दाखवून घ्या, हो, दातच. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात, म्हणून दातांची कामं आधी उरकतात आणि नंतर आयुष्यभर प्रत्येक दंतवैद्याला “मला व्हॉल्व्ह बसवलाय” हे सांगायचं असतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. नळीने केलेले सगळेच उपचार अठरा लाखांचे नसतात. लहानपणच्या सांधेतापाने पाकळ्या चिकटून मिट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) अरुंद झालेल्या बायका मी वॉर्डात शेकड्यांनी पाहिल्या. तिशीच्या, पस्तिशीच्या, काही गरोदर. त्यांच्यासाठी फुग्याने व्हॉल्व्ह उघडायची पद्धत जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात आणली, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत ती वर्षानुवर्षं होते आहे. त्या व्हॉल्व्हला फुगा पुष्कळ वर्षं साथ देतो, कारण तिथे पाकळ्या चिकटलेल्या असतात आणि सुटतात. मुलांच्या हृदयातलं जन्मजात भोकही रचना जुळली तर छत्रीसारखं उपकरण नळीने नेऊन बंद करतात. तुमच्या घरात कुणाला “ऑपरेशनच लागेल” असं सांगितलं असेल, तर नळीने होईल का हे एकदा विचारा, आणि “नळीनेच करू” सांगितलं असेल, तर ऑपरेशन का नको हेही विचारा.

ताई, डॉक्टरांकडे जाल तेव्हा सासूबाईंना आधी एक गोष्ट विचारून ठेवा: बरं वाटल्यावर काय करायचंय? त्या काय सांगतील ते तुमच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहा आणि डॉक्टरांना आकडे दाखवायच्या आधी ते वाचून दाखवा. मला वाटतं, गच्चीचं काहीतरी निघेल. पुढच्या चैत्रात कुरडया कुणी घातल्या, ते मला जरूर कळवा.